पीसीओएस आणि ओव्ह्युलेशन किट: पाच पट्ट्यांत भागत नाही

मेडिकलमध्ये प्रेग्नन्सी किटच्या शेजारीच ओव्ह्युलेशन किटचा, म्हणजे बीज कधी सुटणार याचा अंदाज देणाऱ्या पट्ट्यांचा, डबा असतो. आत बहुधा पाच पट्ट्या आणि घडी घातलेलं पत्रक. पाळी 28 दिवसांची असेल तर अकराव्या दिवसापासून रोज एक, पाच पट्ट्यांत बहुतेक वेळा काम होतं. पीसीओएसमध्ये (संप्रेरकं बिघडून पाळी अनियमित होते तो त्रास) पाळी एकदा 38 दिवसांनी, पुढच्या वेळी 70 दिवसांनी. सुरुवात कुठून करायची? पत्रकातला तक्ता इथे कामाचा नाही.

पट्टी लघवीतलं एलएच, म्हणजे बीज सुटायला लावणारं संप्रेरक, पकडते. एलएच एकदम उसळलं की साधारण 24 ते 36 तासांत बीज सुटतं, असा हिशेब. पीसीओएसमध्ये मुळातलं एलएचच पुष्कळ जणींचं चढं असतं, म्हणून आठवडाभर रोज पट्टी ‘पॉझिटिव्ह’ दिसू शकते. कधी उसळी खरी येते, पण बीजकोश (ज्यात बीज वाढतं ती पिशवी) अर्ध्यावरच थांबतो आणि काही दिवसांनी पुन्हा उसळी. पट्टीला एलएच दिसतं, बीज दिसत नाही. डब्यावर हे मोठ्या अक्षरांत हवं होतं.

वापरायचंच असेल तर 50 सुट्या पट्ट्यांचं पाकीट घ्या, स्वस्त पडतं. सकाळची पहिली लघवी नको. दुपारी किंवा संध्याकाळी, रोज एकाच वेळी, आधी दोन तास पाणी बेताचं. पट्टी ‘मॅक्स’ रेषेच्या वर बुडाली की रंग नीट चढत नाही, कंट्रोल रेषाच (पट्टी नीट चालली हे दाखवणारी) उमटत नाही. ती पट्टी फेकायची. पाच मिनिटांनी, एकाच उजेडात फोटो काढा. दहा मिनिटांनंतर वाळताना रेषा गडद होते आणि फसवते. प्रेग्नन्सी किटची सवय असलेल्यांची चूक ठरलेली: फिकट दुसरी रेषा म्हणजे ‘आलं’. इथे टेस्टची रेषा कंट्रोलइतकी किंवा तिच्याहून गडद हवी. पीसीओएसमध्ये एका दिवसाच्या पट्टीला अर्थ नाही. फोटो ओळीने लावून फिकट, गडद, परत फिकट असा चढउतार शोधायचा.

क्लोमिफीन (बीज तयार व्हावं म्हणून देतात ती गोळी) चालू असेल तर शेवटच्या गोळीनंतर तीन दिवस थांबा, नाहीतर रेषा उगाच गडद येते. एचसीजीचं (गरोदरपणात तयार होणारं संप्रेरक; बीज सुटावं म्हणूनही देतात) इंजेक्शन घेतल्यावर पट्टी वापरूच नका, ती एचसीजीलाही एलएच समजते. त्यामुळेच पाळी लांबली आणि पट्ट्या सलग गडद आल्या तर आधी प्रेग्नन्सी टेस्ट.

बीज सुटलं की नाही, हे उसळीनंतर सात-आठ दिवसांनी केलेल्या प्रोजेस्टेरॉनच्या (बीज सुटल्यावर वाढणारं संप्रेरक) रक्ततपासणीत कळतं; 3 नॅनोग्रॅम प्रति मिलीच्या वर आलं तर सुटलं. लेट्रोझोलच्या (हीसुद्धा बीज तयार व्हावं म्हणून देतात ती गोळी) पहिल्या महिन्यात तर पट्ट्यांऐवजी फॉलिक्युलर स्टडीच, म्हणजे सोनोग्राफीने बीजकोशावर नजर ठेवणं, करा. एक दिवसाआड सोनोग्राफी म्हणजे हेलपाटे आहेत, खर्चही आहे, पण बीजकोश 18-20 मिमीपर्यंत वाढला का, फुटला का, हे डोळ्यांनी दिसतं.

पाळी साधारण 35 दिवसांच्या आत येणाऱ्यांसाठी या किटला पाचपैकी साडेतीन तारे. त्याहून अनियमित असेल तर दीड. मूल नको असेल, त्रास मुरुमांचा, हनुवटीवरच्या केसांचा किंवा मानेवरच्या काळेपणाचा असेल, तर हा डबा घेऊच नका. गर्भनिरोधनासाठी याच्यावर विसंबणं तर सरळ धोक्याचं. आणि तीन महिने पाळीच नसेल तर पट्ट्या मोजत बसू नका, डॉक्टरांकडे जा: गर्भाशयाचं अस्तर तोवर जाड होत राहतं, आणि त्याबद्दल पट्टी काहीच सांगत नाही.