बिनलायसनची बॅटरी स्कूटर: गाडीला चार तारे, दुकानाला दोन

कवळ्याहून फोंड्याच्या बाजारात जायला मी ही कमी वेगाची बॅटरी स्कूटर घेतली. दुकानदार एकच पालुपद लावून होता, "बाय, लायसन नाका, नंबर नाका!" (नाका म्हणजे नको.) खरं आहे, पण त्याला अटी आहेत. मोटर २५० वॅटपेक्षा कमी, वेग ताशी २५ किलोमीटरच्या आत आणि बॅटरी सोडून वजन ६० किलोपर्यंत असेल, आणि मान्यताप्राप्त चाचणी संस्थेने तसा दाखला दिला असेल, तरच ती कायद्याने 'मोटार वाहन' ठरत नाही. त्या दाखल्याची प्रत मागितली, तर दुकानदाराने आधी कपाळाला आठ्या घातल्या. मी हटले नाही. बाजारात पोलिसांनी नंबरप्लेट कुठे म्हणून अडवलं तेव्हा तोच कागद दाखवला आणि सुटले.

दुकानाला दोनच तारे दिले ते पुढच्या गोष्टीसाठी. गाडी ताब्यात देताना हाच माणूस हळूच म्हणतो, एक वायर काढली की चाळीसने पळेल, मुलालाही ती चालवत शाळेत नेता येईल. मुलगा दहावीत! वायर काढली की सवलत संपली. मग नोंदणी, विमा, लायसन सगळं आलं. विनालायसन चालवल्यास कायद्यात पाच हजारांचा दंड आहे. अल्पवयीन मुलाच्या हातून गुन्हा घडला तर पालकाला २५ हजार, शिवाय तीन वर्षांपर्यंत कैद. नफ्यासाठी हे लोक काय काय विकतील, देव जाणे.

गाडीबद्दल तक्रार नाही. सपाटीवर छान, आवाज नाही, घरच्या प्लगवर चार्ज होते. चवथीला माटोळीचं (गणपतीवर टांगतात त्या फळाफुलांच्या आराशीचं) सामान आणि दोन नारळांच्या पिशव्या पुढ्यात ठेवून आणल्या. फर्मागुडीच्या चढावर मात्र तिचा जीव जातो. मागे यजमान बसलेले असतील तर त्यांना उतरवावंच लागतं. (ते कुरकुरतात, पण चालणं त्यांना डॉक्टरांनीच सांगितलंय.) पणजीच्या हमरस्त्यावर मी ती नेत नाही, मागून कदंबा बस आली की पंचविसाच्या वेगाने बाजूला तरी कुठे होणार? या गाडीला हेल्मेटची सक्ती नाही, तरी मी आयएसआय शिक्क्याचं घालते. विम्याचीही सक्ती नाही, म्हणजे कुणाला धक्का लागला तर भरपाई आपल्याच खिशातून. हे दुकानात कुणी सांगत नाही, म्हणून इथे लिहिलं.