परीची बाहुली: पॉलिमर क्ले घ्यावी की कोल्ड पोर्सेलिन?

परीची बाहुली करायची ठरली की पहिला प्रश्न मातीचा. कोल्हापुरात गंगावेश, शाहूपुरी, बापट कॅम्पच्या कुंभारांमुळे शाडू सगळ्यांच्या ओळखीची. पण पंधरा सेंटिमीटरच्या परीची काडीएवढी बोटं न भाजलेल्या शाडूत टिकत नाहीत, जरा धक्का लागला की गळून पडतात. म्हणून शाडू बाजूला ठेवू. निवड उरते ती ओव्हनमध्ये भाजायची पॉलिमर क्ले आणि घरी शिजवून केलेलं, हवेत वाळणारं कोल्ड पोर्सेलिन या दोहोंत.

नावात क्ले असलं तरी पॉलिमर क्लेत माती नसते. ती पीव्हीसी या प्लॅस्टिकची पूड आणि तिला मऊ ठेवणारं प्लॅस्टिसायझर यांचं मिश्रण. तिच्यात पाणीच नाही, त्यामुळे ती वाळत नाही. घट्ट होते ती उष्णतेनं. चेहरा आज अर्धा केला, झाकून ठेवला आणि चार दिवसांनी पुन्हा हातात घेतला तरी चालतो. पोर्सेलिनला ही सवड नाही. पंखा चालू असेल तर थोड्याच वेळात त्यावर दुधासारखी साय धरते, आणि त्यानंतर बोट फिरवलं की गालावर सुरकुत्या पडतात.

पोर्सेलिनची मोठी सोय म्हणजे ते स्वस्त आणि घरचं. एक वाटी फेव्हिकॉल, एक वाटी कॉर्नफ्लॉवर, दोन मोठे चमचे बेबी ऑइल, दोन मोठे चमचे लिंबाचा रस किंवा व्हिनेगर. मंद आचेवर सतत ढवळत राहायचं. गोळा कडा सोडून मधोमध जमला की उतरवायचा. जास्त शिजलं तर रबरासारखं ताणतं आणि तुटतं, कमी शिजलं तर हाताला चिकटत राहतं. कोमट असतानाच कणकेसारखं मळून प्लॅस्टिकमध्ये घट्ट गुंडाळून रात्रभर ठेवावं. मळताना पांढरा ॲक्रेलिक रंग थोडा घालाच, नाहीतर वाळल्यावर परीचा रंग मेणचटलेला दिसतो.

पण पोर्सेलिन वाळताना आकसतं, आणि आत सांगाडा म्हणून घातलेली तार आकसत नाही. म्हणून तड जाते ती नेमकी कोपरात, गुडघ्यात आणि मानेत, जिथं माती तारेला घट्ट आवळून बसलेली असते. उपाय एकच: पातळ थर द्यायचा, पूर्ण वाळू द्यायचा, मग दुसरा. त्यात दिवस जातात. पॉलिमर भाजताना जाणवण्याइतकी आकसत नाही. घडवलेलं माप तसंच राहतं.

इथं कोल्हापूरचा पाऊस आडवा येतो. जून ते सप्टेंबर हवा इतकी दमट असते की पोर्सेलिन वरून वाळल्यासारखं दिसतं आणि आत ओलं राहतं, मग बुरशीचे काळे ठिपके उठतात. वाळून झालेली बाहुलीही वॉर्निश नसेल तर सर्दावते. आमचा साधा नियम: ज्या दिवसांत कुरडया खडखडीत वाळतात, त्या दिवसांत पोर्सेलिन करा. पावसाळ्यात पॉलिमरच. उलट एप्रिल-मेच्या उन्हात पॉलिमर जपावी लागते. उन्हात तापलेली पॉलिमरची लादी, म्हणजे पाकिटातली वडी, तिथल्या तिथं अर्धवट भाजते आणि मळताना भुसभुशीत तुटते. पाकीट फोडलेली लादी ठेवायची ती स्टीलच्या डब्यात. काही कडक पारदर्शक प्लॅस्टिकच्या डब्यांना ती विरघळवून चिकटते.

पॉलिमरमध्ये बिघडतं ते बहुतेक ओव्हनमध्ये. फिमो कंपनीची क्ले 110 अंश सेल्सिअसवर अर्धा तास, स्कल्पी प्रीमो ही दुसरी क्ले 130 अंशांवर दर 6 मिलिमीटर जाडीला अर्धा तास; पाकिटावर लिहिलेलं असेल तेच पाळा. मात्र छोट्या ओटीजीच्या (घरगुती विजेच्या ओव्हनच्या) बटणावर विसंबू नका, कॉइल पेटली की आतलं तापमान एकदम वर उसळतं. ओव्हनचा वेगळा थर्मामीटर आत ठेवा. बाहुली फरशीच्या तुकड्यावर साधा कागद घालून ठेवायची, वरून ॲल्युमिनियम फॉइलचा तंबू करायचा, म्हणजे नाक आणि बोटं करपत नाहीत. भाजून झालं की दार न उघडता आतच थंड होऊ द्या. एकदम गार झाली तर जाड भागाला चीर जाते. मध्येच लाइट गेली तर घाबरू नका, आल्यावर पुन्हा पूर्ण वेळ भाजा, पॉलिमर दोनदा-तीनदा भाजलेली चालते. कमी भाजलेली मात्र बिस्किटासारखी मोडते. आणि जळली तर हायड्रोजन क्लोराइडचा घातक वायू सुटतो, म्हणून खिडकी उघडी हवी आणि हा ओव्हन स्वयंपाकाला वापरायचा नाही. मायक्रोवेव्ह तर नकोच. ओव्हनसाठी वेगळी सोय होत नसेल तर प्रश्न तिथंच मिटला, पोर्सेलिन घ्या.

दोहोंतला फरक सगळ्यात जास्त दिसतो तो हातांच्या पंजात. वाटाण्याएवढी गोळी घ्या, एका टोकाला निमुळती करा, रुंद टोक चपटं दाबा. अंगठ्यासाठी बाजूनं छोटा त्रिकोण कापा, मग पात्यानं तीन काप देऊन चार बोटं सुटी करा आणि प्रत्येक बोट दोन बोटांत हलकेच वळवून कड मोडा. पॉलिमरमध्ये हे शांतपणे जमतं, आणि नीट भाजलेलं पातळ बोट किंचित लवतं, पटकन तुटत नाही. पोर्सेलिनमध्ये चौथ्या बोटापर्यंत पोचेतो पहिलं सुकायला लागतं.

पंख दोन्हींत शेवटीच. जुन्या साडीचं ऑर्गन्झा बारीक तारेच्या चौकटीवर ताणून चिकटवा. पारदर्शक प्लॅस्टिक शीट ओव्हनमध्ये वाकडी होते. डोळ्यांना काचेचे मणी चालतात, प्लॅस्टिकचे वितळतात. पॉलिमरवर नेलपॉलिश लावू नका, ती कायम चिकट राहते. पाण्यात मिसळणारं वॉर्निश घ्या.

खर्चात पॉलिमर महागच. आत फॉइलचा गाभा भरला तरी पंधरा सेंटिमीटरच्या परीला 57 ग्रॅमच्या दोन लाद्या हाताशी हव्यात. ते परवडत नसेल तर आमच्या मते पहिल्या बाहुलीला मधला मार्ग बरा: डोकं, पंजे आणि पावलं पॉलिमरची, धड कापूस भरलेल्या कापडाचं. मान दीड सेंटिमीटर लांब ठेवा आणि भाजण्याआधी तिच्याभोवती सुईनं खोल खाच पाडा. कापडी धडाचा गळा त्या खाचेत दोऱ्यानं तीन-चार वेढे देऊन आवळला की डोकं निसटत नाही, आणि वर झालर आली की गाठही दिसत नाही.