हास्ययोगाचं सत्र: मंडळात चालेल, प्रार्थनासभेत जपून

ज्येष्ठांचं मंडळ असो, आजारातून उठलेल्यांचा आधारगट असो की प्रार्थनामंडळ, वर्षाचे कार्यक्रम ठरवताना कुणीतरी सुचवतंच, "हास्ययोगाचं एक सत्र ठेवूया." सगळ्यांनी मिळून मुद्दाम हसण्याचा पाऊण तासाचा कार्यक्रम, साहित्य काही लागत नाही, आणि माणसं मोकळी होऊन घरी जातात. हे परीक्षण या सत्राच्या ठरलेल्या पद्धतीचं आहे, कुणा एका प्रशिक्षकाचं नाही. सामाजिक गटासाठी आम्ही त्याला पाचपैकी चार गुण देऊ. धार्मिक सभेत आहे तसं ठेवलं तर दोन, पुढे दिलेले बदल केले तर साडेतीन. ज्या गटात नुकतंच कुणी गेलं आहे तिथे मात्र ते ठरवूच नये. शोकातली माणसंही गेलेल्याच्या आठवणी काढताना हसतात आणि त्या हसण्याने त्यांचं मन हलकं होतं. पण ते हसू त्यांचं त्यांना यावं लागतं, कार्यक्रमपत्रिकेत छापून आणता येत नाही.

या पद्धतीचा सगळ्यात मोठा गुण म्हणजे तिच्यात विनोद नाही. मुंबईतले डॉक्टर मदन कटारिया यांनी १३ मार्च १९९५ रोजी एका बागेत पाच जणांना घेऊन सुरुवात केली, तेव्हा रोज कुणीतरी विनोद सांगायचा आणि बाकीच्यांनी हसायचं असा क्रम होता. दोन आठवड्यांत चांगले विनोद संपले. उरले ते अश्लील किंवा कुणाला तरी लागणारे. मग विनोदच काढून टाकला आणि हसणं हाच व्यायाम केला. हा निर्णय फार मोलाचा होता. विनोदाला बहुतेक वेळा गिऱ्हाईक लागतं: कधी सून, कधी जाडा माणूस, कधी तोतरा, कधी दुसऱ्या पंथाचा. मराठीत "तो माझ्याबरोबर हसला" आणि "तो मला हसला" ही दोन वेगळी वाक्यं आहेत, आणि "हसं होणं" तर सरळच अपमान. सामाजिक जीवनात हसणं औषध आहे की विष, हे बऱ्याच अंशी त्या "बरोबर" आणि "ला" मध्ये ठरतं.

विनोदाशिवाय हसणं कृत्रिम वाटेल ही शंका रास्त आहे, पण तितकीशी खरी नाही. रॉबर्ट प्रोव्हाइन या अमेरिकी संशोधकाने लोकांच्या रोजच्या गप्पांमधलं हसणं नोंदवलं. हसू फुटण्याआधीच्या वाक्यांपैकी जेमतेम दहा ते वीस टक्के वाक्यं विनोदी म्हणण्यासारखी निघाली. बाकी सगळी "बरं, भेटू मग" अशा जातीची. माणूस एकटा असताना हसतो त्याच्या तीसपट सोबतीत हसतो, असंही त्याला आढळलं. हसू येतं ते सोबतीमुळे, आणि सत्र नेमकं तेच वापरतं.

सत्राचा क्रम असा. गोल करून उभं राहायचं. हात वर नेत नाकाने श्वास आत घ्यायचा, हात खाली आणत त्याहून जास्त वेळ लावून सोडायचा. मग तळव्याला तळवा आणि बोटांना बोटं भिडतील अशा सपाट टाळ्या, एक-दोन, एक-दोन-तीन या लयीत, तोंडाने "हो-हो, हा-हा-हा". त्यानंतर एकेक हास्यप्रकार, म्हणजे ठरलेले हावभाव करत हसणं, प्रत्येकी तीस ते पंचेचाळीस सेकंद, आणि दोन प्रकारांच्या मध्ये दोन दीर्घ श्वास. हसताना समोरच्याच्या डोळ्यांत बघत फिरायचं. शेवटी खाली बसून किंवा पडून हास्यध्यान, म्हणजे सूचना नाहीत, हसू येईल तसं येऊ द्यायचं. आणि मग शांत पडून विश्रांती.

घाई झाली की प्रशिक्षक पहिल्यांदा मधले श्वास गाळतात. त्याचा परिणाम लगेच दिसतो. हसणं म्हणजे तुकड्यातुकड्याने सोडलेला श्वास. एकेक "हा" साधारण ७५ मिलिसेकंदांचा आणि दर २१० मिलिसेकंदांनी येणारा. हवा बाहेर जात राहते, आत येत नाही. छातीतला दाब वाढतो, हृदयाकडे परतणारं रक्त कमी होतं, रक्तदाब क्षणभर उतरतो आणि माणसाला चक्कर येते. दम्याच्या माणसाला खोकल्याची उबळ येते. म्हणून प्रत्येक वर्तुळाच्या मागे खुर्च्या हव्यातच, भिंतीला टेकून ठेवलेल्या, जेणेकरून त्या सरकणार नाहीत. एकच प्रकार दोन-दोन मिनिटं ताणणारा प्रशिक्षक गटाला रंगात आलेला वाटतो, पण तो धोका ओढवून घेत असतो.

"हसण्याने काय बिघडणार?" असं म्हणणाऱ्यांसाठी: ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये २०१३ साली हसण्याच्या फायद्यातोट्यांचा एक आढावा आला होता. त्यात हसताना शुद्ध हरपणं, जबडा निखळणं, हर्निया बाहेर येणं, दम्याचा झटका, लघवीवरचा ताबा सुटणं असे प्रकार नोंदवले आहेत. हर्निया, रक्तस्राव होणारी मूळव्याध, आटोक्यात नसलेला रक्तदाब, छातीत दुखणारा हृदयविकार, अपस्मार, काचबिंदू, तीव्र पाठदुखी, गेल्या तीन महिन्यांतली शस्त्रक्रिया, गरोदरपणाचे शेवटचे महिने, यांपैकी काही असेल तर उभं राहून जोरात हसायचं नाही. हे सत्र सुरू होण्याआधी विचारायला हवं, तेही सगळ्यांसमोर हात वर करायला लावून नव्हे. चिठ्ठी फिरवा, किंवा सरसकट सांगा की ज्यांना बसून नुसतं स्मित करायचं आहे त्यांनी खुशाल बसावं, कारण विचारलं जाणार नाही. सिंहहास्यात जीभ पूर्ण बाहेर काढायची असते, तिथे कवळी सैल असलेल्यांची पंचाईत होते. त्यांना आधी सावध करा. श्रवणयंत्र लावणाऱ्यांना बंद खोलीतल्या टाळ्या असह्य होतात, त्यांची जागा वर्तुळाच्या दाराकडच्या बाजूला ठेवा.

प्रशिक्षकांचे काही दावे मात्र गळू द्यावेत. "शरीराला खरं हसू आणि खोटं हसू यातला फरक कळत नाही" हे वाक्य प्रत्येक सत्रात येतं. मेंदूच्या चित्रणातून दिसतं की ऐकणाऱ्याचा मेंदू खऱ्या आणि उसन्या हसण्याला वेगवेगळा प्रतिसाद देतो. रॉबिन डनबार हे ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या प्रयोगांत हसण्यानंतर वेदना सोसण्याची मर्यादा वाढलेली आढळली, पण ते विनोदी दृश्यं बघताना आपोआप आलेलं हसू होतं. दहा-पंधरा मिनिटांच्या हसण्याने जळतात त्या दहा ते चाळीस कॅलरी, तेव्हा वजन उतरण्याची आशा नको. नॉर्मन कझिन्स या संपादकाचा दाखलाही नेहमी देतात, की दहा मिनिटं पोट धरून हसल्यावर त्याला दोन तास वेदनेविना झोप लागे. तो एका माणसाचा अनुभव आहे, आणि त्याच काळात तो इतर उपायही करत होता. पद्धतीची खरी भिस्त उसनं हसू पाचेक मिनिटांत खरं होण्यावर आहे, आणि ते होतंही. ओळखायचं कसं? डोळ्यांकडे बघा. ओठ वर खेचणारा स्नायू हुकमाने हलवता येतो. डोळ्याभोवतीचा गोल स्नायू हुकमाने तसा आवळणं त्याहून अवघड, असं द्युशेन या फ्रेंच डॉक्टराने १८६२ मध्येच मांडलं होतं. चौथ्या प्रकारापर्यंत डोळ्यांच्या कोपऱ्यात सुरकुती उमटली नाही, तर आवाज वाढवून उपयोग नाही. प्रकार बदलायला हवा.

आता धर्माचं. धर्मपरंपरांना हसण्याचं वावडं आहे अशी सर्वसाधारण समजूत दिसते. बारकाईने पाहिलं तर आक्षेप हसण्यावर नसून तीन गोष्टींवर आहे: आवाज, जागा आणि गिऱ्हाईक. बौद्ध भिक्षूंच्या नियमांत वस्तीत मोठ्याने हसत जाऊ नये असं आहे. सहाव्या शतकातल्या संत बेनेडिक्टच्या मठनियमांत फार किंवा खदाखदा हसण्याची आवड नको असं सांगितलं आहे. कुराणाच्या ४९व्या अध्यायात एका समूहाने दुसऱ्याची थट्टा करू नये अशी आज्ञा आहे, कदाचित ते यांच्याहून चांगले असतील म्हणून. समर्थांचं "टवाळां आवडे विनोद" हे टवाळांविषयी आहे हे आपण उद्धृत करताना विसरतो. याच मातीत एकनाथांनी भारुडं रचली, आणि ती चालली याचं कारण भारुड करणारा सोंग स्वतः घेतो. हसं व्हायचं ते त्या सोंगाचं, समोर बसलेल्या श्रोत्याचं नाही.

युरोपात मध्ययुगाच्या अखेरीस ईस्टरच्या प्रवचनात धर्मगुरू मुद्दाम लोकांना हसवत. मृत्यूवरच्या विजयाचा आनंद म्हणून ही प्रथा होती. १५१८ मध्ये इकोलँपाडिअस या धर्मपंडिताने तिच्याविरुद्ध लिहिलं, कारण व्यासपीठावरून येणारे किस्से आणि नकला पार ग्राम्य झाल्या होत्या. बागेतल्या त्या दोन आठवड्यांत जे घडलं तेच हे. विनोदावर उभं राहिलेलं सामूहिक हसणं घसरतं, मग ते देवळात असो की मैदानात. हास्ययोगाने ही वाट बंद केली म्हणूनच धार्मिक सभेत तो विचारात घेण्याजोगा आहे.

आवाज आणि जागा यांचं उत्तर मात्र पद्धतीकडे नाही. ते भरताच्या नाट्यशास्त्रात सापडतं. तिथे हास्याच्या सहा पायऱ्या आहेत. स्मित, म्हणजे दात न दिसता. हसित, म्हणजे दात किंचित दिसतील इतकं. विहसित, म्हणजे आवाज असलेलं पण मधुर आणि वेळेला शोभणारं. पुढे उपहसित. मग अपहसित, ज्यात डोळ्यांत पाणी येतं, खांदे आणि डोकं हलतं, आणि ज्याची व्याख्याच "अस्थानी" अशी केली आहे. शेवटी कुशीला हात लावून मोठ्याने केलेलं अतिहसित. सत्राची नेहमीची चढण स्मितापासून थेट शेवटच्या पायरीपर्यंत जाते. प्रार्थनेच्या जागी तिसऱ्या पायरीवर थांबा, असं प्रशिक्षकाला आधी स्पष्ट सांगा. विहसितापर्यंतच्या सत्रातही माणसं मोकळी होतात, आणि शेजारच्या खोलीत जप करणाऱ्याला त्रास होत नाही.

तीन प्रकारांबाबत सावध राहा, असा आमचा आग्रह आहे. भांडणहास्यात दोन गट समोरासमोर उभे राहून एकमेकांकडे तर्जनी नाचवत हसतात. अनोळखी लोकांत ही गंमत असते. ज्या संस्थेत विश्वस्तांचे दोन तट पडले आहेत तिथे बोट खरोखर कुणाकडे आहे ते सगळ्यांना कळतं. काढून टाका. नमस्तेहास्यात हात जोडून डोळ्यांत बघत हसायचं असतं. जोडलेल्या हातांचा अर्थ ज्या जागी पूजा असा आहे, तिथे काही माणसांना ती विटंबना वाटते आणि ती बोलून दाखवत नाहीत. त्याऐवजी तळव्याला तळवा लावून हसणं ठेवा.

तिसरं क्षमाहास्य, आणि इथे सर्वात जास्त जपायला हवं. हातांची फुली करून दोन्ही कानांच्या पाळ्या धरायच्या, गुडघे किंचित वाकवायचे आणि समोरच्याकडे बघत हसायचं. किरकोळ कुरबुरींसाठी याच्याइतका चांगला उपाय आम्हाला माहीत नाही. महिनोन्‌महिने अबोला धरलेली माणसं कान धरताना खुदकन हसून जातात. पण जिथे खरा अन्याय झालेला आहे, तिथे ज्याने केला तो कान धरून हसतो आणि ज्याच्यावर झाला त्याला वीस जणांसमोर हसून उत्तर द्यावं लागतं. त्याने हसणं नाकारलं तर खडूस तोच ठरतो. क्षमा ही त्या माणसाच्या हातात उरलेली शेवटची गोष्ट असते, ती अशी हसण्यावारी नेली की जखम चिघळते. गटात धुमसता वाद असेल तर हा प्रकार घेऊ नका, आणि घेतलाच तर जोड्या ठरवून देऊ नका.

काहींना आपल्याला कुणी हसेल याची तीव्र भीती असते. अशा माणसाला हसणाऱ्यांचं वर्तुळ म्हणजे छळ वाटतो, हसू प्रेमाचं असलं तरी. मान खाली, खांदे आखडलेले, ओठांवर ताणलेलं अर्धं हसू, ही खूण. त्यांना ओढून आत आणू नका, घड्याळ बघण्याचं काम द्या. आणि हसणं पसरतं म्हणून ते आनंदाचंच असतं असं नाही. १९६२ मध्ये टांगानिकात, आजच्या टांझानियात, मुलींच्या एका शाळेत हसण्याची साथ पसरली आणि शाळा बंद ठेवावी लागली. त्यामागे ताण होता असं अभ्यासक मानतात. हास्यध्यानात एखादी व्यक्ती हसता हसता रडू लागते, हे अधूनमधून होतंच. तेव्हा मदतनीसाने तिच्याशेजारी बसून सोडण्याचा श्वास लांबवायला सांगावं, पाणी द्यावं, आणि बाकीच्यांना तिच्याभोवती जमू देऊ नये.

प्रार्थनेच्या दिवशी क्रम असा लावा: आधी प्रार्थना, मग दहा मिनिटांचा खंड, शक्य असेल तर दुसरी खोली, मग पंचवीस मिनिटांचं सत्र. प्रार्थनेआधी सत्र ठेवलं तर पहिली पंधरा मिनिटं कुणाचंही चित्त लागत नाही, कुठूनतरी खुसखुस येत राहते आणि गंभीरपणे बसलेल्याला ती आपल्यालाच उद्देशून आहे असं वाटतं. शेवटची विश्रांती मंडळात पाच मिनिटांची चालेल, इथे दहा हवी, डोळे मिटून, संगीताशिवाय. प्रशिक्षक ठरवताना त्याला एवढंच विचारा की वेळ कमी पडला तर काय कापाल. विश्रांती किंवा मधले श्वास म्हणाला तर दुसरा बघा. हास्यप्रकार म्हणाला तर तारीख पक्की करा.