लक्ष्मीपुरीतनं घेतलेला जुना जर्मन टी-सेट, पैसे वसूल का?

कोल्हापुरात लक्ष्मीपुरीत जुनी घड्याळं, भांडी, क्रॉकरी असलं सगळं विकणारं एक दुकान आहे, नाव देत नाही कारण थोडी तक्रारपण करायचीय. तिथनं जर्मन टी-सेट घेतला, सहा कपबश्या, किटली, दुधाचं भांडं, साखरेचं भांडं, सहा हजार सांगत होते, घासाघीस करून साडेचारला दिला.

माल एक नंबर. कप उजेडाकडं धरला की पलीकडच्या बोटांची सावली दिसते एवढा पातळ, तरी टिचकी मारली की कसा खणखणीत वाजतोय. दुकानवाले काका म्हणाले राजवाड्यातला हाय, दोनशे वर्षं जुना, बोन चायना. काय ओ काका! तळाला 'सेल्ब, बव्हेरिया' छाप आहे आणि या सेल्ब गावात, जर्मनीतल्या बव्हेरियात, पोर्सिलेनचा म्हणजे चिनी मातीच्या भांड्यांचा पहिला कारखानाच निघाला 1857 ला, लोरेन्झ हुत्शेनरॉयटरचा, गाव आदल्या वर्षी आगीत जळाल्यावर. मग दोनशे वर्षं कुठनं आली? आणि बोन चायनात हाडांची राख असते, ती इंग्रजांची पद्धत. जर्मन माल केओलिन (पांढरी माती), फेल्डस्पार आणि क्वार्ट्ज (दोन्ही खनिजं) यांचा, 1400 डिग्रीच्या आसपास भाजलेला, म्हणून तर एवढा कडक.

राजेलोकांचा माल म्हणजे माइसेन, 1710 चा जर्मन कारखाना, सॅक्सनीच्या ऑगस्टस राजानं काढलेला. हा तसला नव्हे. रेल्वे आणि कोळसा आल्यावर साध्या घरांसाठी ढिगानं निघाला त्यातला हा, आणि मला तेच आवडलं. फुलं हातानं रंगवलेली नाहीत, भिंगातनं बघा, बारीक ठिपके दिसतील, म्हणजे छापलेलं चित्र कागदावरनं कपावर उतरवून परत भाजलंय. रोझेन्थाल या दुसऱ्या जर्मन पोर्सिलेन कंपनीची सुरुवात तर याहून मजेशीर, 1879 ला फिलिप रोझेन्थाल सेल्बजवळ पांढरे कप विकत आणायचा, बायको रंगवायची, हा विकायचा, स्वतःचा कारखाना नंतर.

डिझाइन मात्र जरा जास्तच नटवंय, गुलाब पण आणि सोनेरी पट्टी पण. 1931 चा 'आर्झबर्ग 1382' नावाचा जर्मन सेट, हेर्मान ग्रेत्शनं काढलेला, बिनफुलाचा, साध्या गोल घाटाचा, तसला मिळाला तर मी दुप्पट देईन.

तक्रार पॅकिंगची. नुसत्या पेपरात गुंडाळून दिलं, एका बशीचा टवका उडाला, बदलून मागितली तर हसले फक्त. कपाचा कान पण बारीक, जाड बोटं जात नाहीत. सोनेरी पट्टी असेल तर मायक्रोवेव्हमध्ये घालू नका.

साडेचारला घ्या, सहाला नको. जाताना जुने टॉवेल न्या गुंडाळायला, आणि सकाळी जावा, संध्याकाळी तिथं गाडी लावायला जागा मिळत नाय.