आर. एस. थॉमसचं 'कलेक्टेड पोएम्स' – बरेच महिने उशाशी ठेवल्यावर

पावसाळ्यात मागवलेलं पुस्तक, रिव्ह्यू आत्ता लिहितेय, कारण पाचशेच्या वर पानं आहेत आणि एका दमात वाचायचं हे पुस्तकच नाही. रोज एक-दोन कविता, कधी एकच कविता आठवडाभर, असं वाचलं तरच झेपतं. १९४५ ते १९९० पर्यंतच्या कविता आहेत, पण मी सगळ्यात जास्त रमले ती सुरुवातीच्या भागात, जिथे वेल्सच्या डोंगरातले शेतकरी आहेत.

थॉमस हा वेल्सचा, इंग्रजीत लिहिणारा कवी, स्वतः चर्चचा पाद्री, जन्म कार्डिफचा, म्हणजे शहरातला. १९४२ ते १९५४ तो मानाव्हन नावाच्या छोट्या गावात होता आणि तिथून वर डोंगरातल्या घरांना भेटी द्यायला जायचा. नोव्हेंबरातल्या एका थंड, काळोख्या दिवशी असाच जाताना त्याला एक माणूस एकटाच शेतात जनावरांच्या चाऱ्याचे कंद छाटत बसलेला दिसला. त्या दिवसातून 'अ पेझंट' ही कविता आली आणि इआगो प्रिदर्ख हे पात्र, जे पुढे कितीतरी वर्षं त्याच्या कवितेत येत राहिलं.

आता हा प्रिदर्ख काही गोड, भोळाभाबडा शेतकरी नाहीये. कपड्यांना घामाचा आणि जनावरांचा वास, संध्याकाळी चुलीपाशी खुर्चीत नुसता बसून राहणार, मध्येच विस्तवात थुंकणार, डोक्यात काय चाललंय काही कळत नाही. कवी इतकं तुच्छतेने लिहितो की वाचताना राग येतो, आणि मग तोच कवी म्हणतो की पाऊसवारा अंगावर घेत, पिढ्यानपिढ्या टिकून राहिलेला हाच माणूस आहे, याला विसरू नका. हा घृणेचा आणि आदराचा झगडा तो मिटवतच नाही, पुढच्या कवितांमध्ये तर प्रिदर्खची माफीही मागतो, आणि मला वाटतं सगळी ताकद त्यातच आहे. 'द हिल फार्मर स्पीक्स'मध्ये तर शेतकरी स्वतःच बोलतो. नवं गवत नाही म्हणून मेंढ्या आटलेल्या, नखांत माती, छातीत कफ, आणि पहिल्या व शेवटच्या कडव्याच्या शेवटी तो सांगतो की अरे ऐक, मी तुझ्यासारखाच माणूस आहे. ही वाचून पुन्हा 'अ पेझंट'कडे वळा, वेगळीच वाटते.

डोंगर बघायला येणाऱ्यांना थॉमस जराही सोडत नाही. लांबून उघड्या खडकाळ डोंगरावर चरणाऱ्या मेंढ्या काय छान दिसतात, पण त्यांच्या पोटातले कृमी, सडलेले खूर, कातडी कुरतडणाऱ्या अळ्या एवढ्या लांबून कुठे दिसणार! 'द वेल्श हिल कंट्री'त हे वाचल्यापासून डोंगराचा सुंदर फोटो बघितला की मला आधी हेच आठवतं. 'कनदलन ऑन अ ट्रॅक्टर' पण जरूर वाचा. नवा ट्रॅक्टर आलाय, कनदलन नावाचा गडी एखाद्या सरदाराच्या थाटात निघालाय, आवाजाने रानातले कोल्हे-खारी पळतायत, झाडांवरून ऊन येतंय, सगळे पक्षी चोची उघडून गातायत आणि त्याला त्यातलं काहीच ऐकू येत नाही.

पण माझी सगळ्यात आवडती 'इव्हान्स'. पाद्री आजारी शेतकऱ्याला भेटून उघड्याबोडक्या जिन्यावरून खाली येतो, स्वयंपाकघर भकास, किटली शिटी मारतेय, बाहेर गच्च अंधार आणि वादळांनी पिळवटलेल्या एकुलत्या एका झाडावरून रक्तासारखं ठिबकणारं पाणी. तो म्हणतो, मला या अंधाराची भीती नाही वाटली, वर एकट्या पडलेल्या त्या माणसाच्या नसांत जो अंधार गाळासारखा साचतोय त्याची वाटली. एवढीशी कविता आहे, मी किती वेळा वाचली असेल!

तक्रारी आहेत. बायकांना या डोंगरात फार कमी जागा आहे, ज्या घरांत तो जात होता तिथे चूल कोणीतरी पेटवतच असेल ना, तिचं म्हणणं मला हवं होतं. टीपा नाहीत, त्यामुळे गावांची आणि माणसांची नावं अडतात. 'रेझरवॉयर्स' वाचण्याआधी एवढं माहीत असू द्या की १९६५ मध्ये लिव्हरपूल शहराच्या पाण्यासाठी वेल्समधल्या त्रिवेरिन खोऱ्यातलं कापेल केलिन हे गाव धरणाखाली गेलं होतं, नाहीतर त्यातला संताप कुठून येतो ते कळणार नाही. उतरत्या वयातल्या, देवाच्या गप्प राहण्यावरच्या कविता चांगल्याच आहेत, पण मला जड गेल्या.

साडेचार स्टार. एवढं जाड पुस्तक नको असेल तर त्याच्या निवडक कवितांचा लहान संग्रह घ्या, फक्त 'इव्हान्स' आणि 'द हिल फार्मर स्पीक्स' त्यात आहेत ना हे अनुक्रमणिकेत बघून घ्या.