बीकॉमनंतर गणित-कॉम्प्युटरकडे वळायचंय? आयआयटी मद्रासचं बीएस की इग्नूचं एमसीए

मी बीकॉम, दिवसभर टॅली आणि जीएसटी रिटर्न, आणि तिशी उलटल्यावर आठवलं की आपल्याला शाळेत गणित आवडायचं. घरच्यांनी वेड्यात काढलं ते सोडा. नोकरी न सोडता जमतील असे दोनच रस्ते दिसले.

आयआयटी मद्रासचा डेटा सायन्सचा बीएस, म्हणजे बॅचलर डिग्रीचा कोर्स 2020 मध्ये सुरू झाला. जेईई नको, बारावी कुठल्याही साइडची चालते, दहावीला मात्र गणित आणि इंग्रजी हवं. आधी चार आठवडे शिकवतात, मग क्वालिफायर म्हणजे पात्रता परीक्षा, ती निघाली तरच फाउंडेशनला, म्हणजे पहिल्या टप्प्याला प्रवेश. व्हिडिओ घरी बघायचे पण परीक्षा सेंटरवर जाऊनच द्यायची, त्यामुळे ऑनलाइन आहे म्हणजे ढकलून नेऊ असं अजिबात नाही. गणित सेट, फंक्शन, सरळ रेषेचा स्लोप इथपासून सुरू होतं, गंज चढलेल्या डोक्याला हेच पाहिजे होतं. पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा जरा यायला लागल्यावर मी पहिला स्वतःचा प्रोग्रॅम लिहिला तो गणितज्ञ कापरेकरांच्या 6174 चा. 3524 घ्या, आकडे उतरत्या क्रमाने मांडून त्यातून चढते वजा करा, 5432 वजा 2345, आले 3087, त्याचंही तसंच करा, मग 8352, मग 6174 आणि तिथेच अडकतं. स्क्रीनवर ते दिसलं तेव्हा रात्रीचे साडेबारा झाले होते. आणि कापरेकर तरी कोण, देवळालीच्या शाळेतले मास्तरच ना!

इग्नूचं एमसीए वेगळंच प्रकरण आहे. दोन वर्षांचं, ताणलं तर चार, थेट मास्टर्सचा शिक्का, परीक्षा जून आणि डिसेंबरला, असाइनमेंट हाताने लिहा. दर आठवड्याची डेडलाइन नाही, हे नोकरीवाल्याला फार मोठं सुख. पण बारावीला किंवा ग्रॅज्युएशनला गणित लागतं. आम्ही बारावीला मॅथ्स सोडून एसपी (सेक्रेटरियल प्रॅक्टिस) घेतलेले शहाणे, आपलं बीकॉमच्या पहिल्या वर्षाचं गणित त्यात धरतात का ते फॉर्म भरायच्या आधी रीजनल सेंटरला विचारून घ्या. शिवाय इथे शिकवायला कोणी मागे लागत नाही, पुस्तक आणि तुम्ही.

प्रमोशनसाठी किंवा कुठल्या फॉर्मवर पीजी लिहायला डिग्री हवी असेल तर सरळ इग्नू घ्या, दुसरी बॅचलर डिग्री करत बसू नका. पाया कच्चा आहे आणि गणित खरंच करायचंय तर मद्रास, आठ वर्षांपर्यंत मुदत आहे, मध्येच डिप्लोमा घेऊन बाहेरही पडता येतं.

मी मद्रास घेतलं. फाउंडेशनचे आठपैकी तीन विषय राहिलेत आणि ऑफिसात मार्च एंड सुरू आहे.