हातमोजे की रिस्ट गार्ड?

भाची मे महिन्यात पहिल्यांदाच बर्फावर स्केटिंग करणार आहे. जुळे सोलापुरातून ताईचा फोन आला: हातमोजे घेऊ की रिस्ट गार्ड, म्हणजे मनगटाला बांधायचं कवच?

आधी हाडाचं बघू. तोल गेला की हात आपसूक पुढे जातो, सगळा भार तळव्यावर येतो आणि मनगटाजवळचं रेडियस हाड मोडू शकतं. इथे हातमोज्याचा उपयोग नाही. रिस्ट गार्डमधली कडक पट्टी मनगट मागे दुमडू देत नाही. पट्टा सैल बांधला तर मात्र तीही निकामी.

जखमेचं उलटं आहे. पडलेल्या पोराची बोटं बर्फावर पसरलेली असतात आणि मागून कुणाच्या तरी स्केटचं धारदार पातं येतं. रिस्ट गार्डमध्ये बोटं उघडीच. जाड हातमोजा खोल काप अडवेलच असं नाही, पण खरचटणं आणि गारठा वाचतो. लोकरीचा नको, भिजतो.

हातमोजे स्वस्त, पण सोलापूरच्या ४२ अंशांत ते कपाटातच राहतील. रिस्ट गार्ड सोसायटीच्या सिमेंटवर रोलर स्केटिंगलाही कामी येतात.

तोल सांभाळता येणाऱ्याला हातमोजे पुरेत. नवशिक्याला रिस्ट गार्ड हवेतच, सोबत गार्डखाली बसतील असे पातळ हातमोजे. ताई, आपल्या पोरीला दोन्ही घे. आणि पडताच मुठी मिटून चटकन उठायचं, हे घरी दोन चादरी अंथरून आधी शिकव.